आवरामनं मागितलेला माणूस

व्हालेमारे गावात लाकडी पिंपं घडवणारी तीन घरं होती आणि त्यांतलं नावाजलेलं घर आवरामचं. त्याच्या हातच्या पिंपात बापानं आलुबुखाराची दारू भरून ठेवावी आणि मुलाच्या लग्नात बाहेर काढावी, तरी थेंबाची गळती नाही, अशी त्याची ख्याती. पण तिशी उलटल्यावर आवरामनं नेरा नदीत बाप्तिस्मा घेतला आणि तो 'पश्चात्तापवाल्यां'त गेला. बाकीचं गाव बाप्टिस्ट मंडळीला याच नावानं चिडवायचं. त्या दिवसापासून त्यानं दारूच्या पिंपाला हात लावला नाही. कोबी खारवायची पिंपं तेवढी करायची. धंदा निम्म्यावर आला.

गुत्त्यासमोरून जाताना लोक विचारायचे, "काय रे आवराम, कोबीनं देवाचं असं काय भलं केलं, आणि आलुबुखारानं काय घोडं मारलं?"

तो मान खाली घालून पुढं जायचा. पण खरं सांगायचं तर त्या टोमण्यांनी त्याला आतून बरंच वाटायचं. आपण देवासाठी काहीतरी सोडलंय आणि ते अख्ख्या गावाला ठाऊक आहे, या विचाराची त्याला ऊब मिळायची.

पिंपांपेक्षाही त्याचा जीव अडकला होता तो प्रार्थनाघराच्या बँडमध्ये. बँड उभा केला होता त्याच्या सासऱ्यानं. जुन्या कम्युनिस्ट राजवटीत खिडक्यांना गोधड्या बांधून तालीम चालायची, कारण आवाज बाहेर गेला की दुसऱ्या दिवशी चौकशीला माणूस हजर. मरताना सासऱ्यानं आपला ट्रम्पेट आणि बँड दोन्ही जावयाच्या हवाली केलं. पुढं राजवट कोसळली, सरहद्दी उघडल्या, आणि गोधड्यांआड न डगमगता वाजवणारी माणसं एकेक करून व्हिएन्नाला आणि अमेरिकेला निघून गेली. छळानं जो बँड मोडला नाही तो मोकळीक मिळाल्यावर मोडला.

उरले कोण? एक दमेकरी क्लॅरिनेटवाला, मोठे पितळी भोंगे फुंकणारे दोघं, आणि ढोलाला माणूस मिळेना म्हणून गळ्यात ढोल अडकवलेली वेतुरियाआजी. तिची जीभ तिच्या टिपरीपेक्षा जोरात चालायची. पुढं ट्रम्पेट घेऊन स्वतः आवराम.

आवरामचं दुखणं असं, की देवानं त्याला कान दिला होता, ओठ दिले नव्हते. सूर कुठं लागायला हवा ते त्याला नेमकं कळायचं, आणि तो तिथं लागत नाही हेही सगळ्यांच्या आधी त्यालाच कळायचं. वरच्या सुराला पोचताना त्याचा ट्रम्पेट चिरकायचा. मंडळी डोळे मिटून बसायची. भक्तीनं बसते की सहन करत बसते, हे आवरामला कधी विचारावंसं वाटलं नाही.

म्हणून तो शनिवारच्या प्रार्थनासभेत उभा राहायचा आणि दर वेळी तेच मागायचा : "प्रभू, तुझ्या बँडला माणूस दे. फुंकणारा माणूस दे." कुणी आजारासाठी प्रार्थना करायचं, कुणी परदेशातल्या मुलासाठी, कुणी पावसासाठी. त्यांतलं काही मिळायचं, काही नाही. आवरामची मागणी वर्षानुवर्षं तशीच राहिली. वेतुरियाआजी म्हणायची, "देवाला आता पाठ झाली असेल हो. याच्या आधी तोच आमेन म्हणत असेल."

आणि मग एका उन्हाळ्यात माणूस आला.

त्याचं नाव तितु. ओरावित्सापासून नदीपर्यंतच्या सगळ्या गावांत लग्नाच्या मांडवात वाजवणारा म्हणून प्रसिद्ध, आणि वाजवून झाल्यावर त्याच मांडवाखाली पडणारा म्हणून त्याहून जास्त प्रसिद्ध. बायको केव्हाच दुसऱ्याचं घर धरून गेलेली, एकुलती एक लेक व्हिएन्नात. हा माणूस एका रविवारी प्रार्थनाघरात येऊन मागच्या बाकावर बसला. पुढच्या रविवारी पुन्हा आला. तिसऱ्या रविवारी त्याच्या तोंडाला वास नव्हता. पाळक दानिलांनी त्याला धरून ठेवलं, शिकवलं, नदीत बुडवून बाप्तिस्मा दिला. त्यानंतर त्यानं मंडळीसमोर साक्ष दिली.

"बंधूंनो, भगिनींनो," तितु म्हणाला, "मी काही देवाला शोधत आलो नव्हतो. लग्न वाजवून आलो होतो आणि बाहेरच्या बाकावर पडलो होतो. डोकं ठणकत होतं. तेवढ्यात आत तुमचा बँड सुरू झाला. इतका बेसूर, इतका बेसूर, की माझी सगळी उतरली!"

प्रार्थनाघर हसलं. पाळकही हसले.

"मी हसायलाच आत डोकावलो. आणि मला दिसलं, की ही माणसं इतकं वाईट वाजवतात तरी थांबत नाहीत. घामाघूम झालीत, पण चेहऱ्यावर लाज नाही. माझं इतकं चांगलं वाजतं आणि मला प्याल्याशिवाय एक धून पुरी करता येत नाही. म्हटलं, यांच्याकडे आहे तरी काय? ते बघायला आत आलो, तो इथंच राहिलो."

आता बायका डोळे पुसत होत्या. पाळक दानिला उठले, त्यांनी तितुला मिठी मारली, आणि मग आवरामकडे येऊन त्याला मिठी मारली. "बंधू आवराम, बघितलंत? तुम्ही मागितलंत आणि प्रभूनं दिलं!"

"आमेन," आवराम म्हणाला. आणि तो मांडीवरचा ट्रम्पेट बाहीनं पुसत राहिला.

पहिल्या तालमीला आवरामनं तितुच्या हातात सुरांचा कागद दिला. त्यानं तो बाजूला ठेवला. "दादा, मला हे वाचता येत नाही. तुम्ही एकदा वाजवून दाखवा ना." आवरामनं वाजवलं. वरचा सूर नेहमीच्या ठिकाणी चिरकला. तितुनं मान डोलावली, ओठ पुसले आणि ट्रम्पेट उचलला.

बाकीच्यांना त्या दिवशी सुंदर वाजवणं ऐकू आलं. आवरामला ऐकू आलं ते वेगळंच. ती धून त्याच्या डोक्यात इतकी वर्षं जशी वाजत होती, अगदी तशीच ती आता बाहेर, हवेत वाजत होती. तीच ओढ, तोच ठहराव, वरच्या सुरावर तेच हलकेच टेकणं. त्यानं ती कुणाला सांगितली नव्हती. ती त्याची होती. आणि ती देवानं याच्या तोंडात घातली.

"वाहवा!" वेतुरियाआजी ढोलावर टिपरी आपटत म्हणाली. "हे गीत असं आहे होय! मला वाटायचं, हे मयताचं आहे."

त्या उन्हाळ्यात प्रार्थनाघराचे बाक भरायला लागले. गावातले जुन्या चर्चचे लोक, जे पश्चात्तापवाल्यांच्या दारावरून जाताना छातीवर क्रूस काढायचे, ते कुंपणाशी थांबून ऐकू लागले. क्लॅरिनेटवाल्याचा दमासुद्धा कमी झाल्यासारखा वाटायचा. आणि भेटेल तो आवरामला म्हणायचा, "धन्य तुमची प्रार्थना!" जणू आवरामनं बाजारातून एक चांगला बैल हेरून आणला होता. प्रार्थना माझी आणि फुलं याच्यावर, असं त्याच्या मनात यायचं. आलं की तो पटकन एखादं वचन म्हणायचा. वचन म्हणून होईपर्यंत ते पुन्हा आलेलं असायचं.

एके दिवशी त्याची बायको फ्लोआरे स्वयंपाकघरात खारवलेल्या कोबीच्या पानांत भात-मांसाचं सारण गुंडाळत होती आणि गुणगुणत होती.

"काय गुणगुणतेस?" आवरामनं विचारलं.

"रविवारचं गीत."

"ते तर मीही वाजवतो."

"वाजवता की."

"मग याआधी कधी गुणगुणली नाहीस."

फ्लोआरेनं पान गुंडाळून पातेल्यात ठेवलं. ती खोटं बोलणारी बाई नव्हती, आणि त्या क्षणी तिला नवऱ्याच्या तोंडाकडे बघायचंही सुचलं नाही. "अहो, तुम्ही वाजवलंत की कुठलं गीत आहे ते कळायचं. तो वाजवतो तेव्हा ते कशाबद्दल आहे ते कळतं."

आवराम न जेवता कारखान्यात गेला. दिवसभर तो फळ्या तासत राहिला आणि मनात हिशेब मांडत राहिला. मी पिंपं सोडली, यानं ती रिकामी केली. मी राजवटीत चौकश्या सोसल्या, हा तेव्हा अधिकाऱ्यांच्या लेकींची लग्नं वाजवत होता. मी इतकी वर्षं गुडघे टेकले, हा बाकावर झोपला होता. आणि सूर कुणाला? याला!

मत्सराला रिकामं बसवत नाही. आवराम तितुच्या पडण्याची वाट बघू लागला. पडावं अशी इच्छा आहे, असं त्यानं स्वतःशीही कबूल केलं नसतं. आपण फक्त लक्ष ठेवतो, नव्या विश्वासणाऱ्यावर लक्ष ठेवावंच लागतं, असं तो म्हणायचा. तालमीला तितु जवळ आला की हा हळूच नाकानं श्वास घ्यायचा. कांद्याचा वास यायचा, कधी साबणाचा. त्याला हवा असलेला वास कधी आला नाही.

बाजाराच्या एका दिवशी तितु तालमीला आलाच नाही. आवरामच्या मनात काहीतरी उजळलं. "मी बघून येतो," तो सगळ्यांना म्हणाला, आणि पावलं थेट गुत्त्याकडे वळली. आत जाणं त्याला शोभलं नसतं. म्हणून तो बाजूच्या खिडकीशी गेला, टाचा उंचावल्या, काचेला कपाळ लावलं आणि आतल्या धुरात तितुला शोधू लागला.

"काय हो बंधू आवराम," मागून आवाज आला, "पिंप विकायला आलात की रिकामं करायला?"

वेतुरियाआजी पाठोपाठ आली होती.

तितु त्या वेळी पाळकांच्या छपरावर होता, वाऱ्यानं उडालेली कौलं बसवत. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की कोबीवाला आवराम गुत्त्याच्या खिडकीला तोंड लावून उभा होता, एवढी तहान लागली होती म्हणे. गुत्त्यातल्यांनी तर त्याच्या नावानं पेले उंचावले. रविवारी पाळकांनी त्याला बाजूला घेऊन हळुवारपणे विचारलं, "बंधू, काही झुंज चालू आहे का?" आवरामचे कान तापले. काय सांगणार? दारूची झुंज चालू असती तर सांगितली असती. ती सांगण्यासारखी तरी होती.

तेवढ्यात तितु मंडळीपुढं जाऊन उभा राहिला. त्याच्या कानावर गेलं होतं.

"आवरामदादांबद्दल कुणी काही बोलू नका," तो म्हणाला. "ते मला शोधायला गेले होते. मी पुन्हा पडलो की काय, या काळजीनं. माझ्या सख्ख्या भावानं मला कधी गुत्त्यात शोधलं नाही."

बायकांचे डोळे पुन्हा भरले. क्लॅरिनेटवाल्यानं आवरामचा हात दाबला. जे नव्हतं त्याची शाबासकी आवरामनं तशीच घेतली. उपासना झाल्यावर तो प्रार्थनाघरामागच्या अक्रोडाखाली जाऊन उभा राहिला. त्याला लाज वाटत होती, आणि जो लाज वाटायला कारण झाला त्याचा राग येत होता. दोन्ही इतकं एकत्र मिसळलं होतं, की कुठलं कुठं संपतं ते कळेना.

दुसऱ्या दिवशी त्यानं कारखान्याचं दार लावून घेतलं, लाकडाच्या ढलप्यांत गुडघे टेकले आणि आजवर न केलेली प्रार्थना केली.

"प्रभू, याला घेऊन जा. मारू नकोस, मी तसं म्हणत नाही. आजारीही पाडू नकोस. चांगल्या ठिकाणी ने, सुखात ठेव. पण इथून ने."

ही प्रार्थना त्यानं शनिवारच्या सभेत केली नाही. पण कारखान्यात रोज केली.

शरद ऋतू आला. कोबीचे गड्डे भरून गाड्या येऊ लागल्या, आवरामच्या अंगणात नव्या पिंपांची रांग लागली. अशा गडबडीत एका सकाळी तितु दारात उभा राहिला. हातात टोपी, चेहरा उतरलेला.

"दादा, वेळ आहे का?"

"बस," आवराम म्हणाला. हातातली लाकूड तासायची वाकस त्यानं खाली ठेवली नाही.

तितु एका पालथ्या पिंपावर बसला. "लेकीचा फोन आला होता, पाळकांकडे. व्हिएन्नाला तिच्या मंडळीत मोठा बँड आहे. त्यांना ट्रम्पेटवाला हवाय. ये म्हणते. राहायला खोली, शनिवार-रविवार वाजवायचं, बाकी दिवस काहीतरी काम. नातू तिकडंच आहे. मी त्याला पाहिलेलंही नाही."

आलं, आवराम मनात म्हणाला. उत्तर आलं. इतकं चटकन!

"मग?" तो म्हणाला.

"मला कळत नाही काय करावं. पाळक म्हणाले, प्रार्थना कर. मी करतो हो, पण मी नवा आहे. देव बोलतो तेव्हा कसा आवाज येतो ते मला अजून समजत नाही. तुमचं तसं नाही. तुम्ही मला मागून घेतलंत. म्हणून म्हटलं, तुमच्याकडेच जावं. तुम्ही विचारा त्याला, आणि तो काय म्हणतो ते मला सांगा. तुम्ही सांगाल तसं करीन."

किती सोपं होतं! फक्त डोळे मिटायचे, थोडा वेळ गप्प राहायचं आणि म्हणायचं : जा, लेकरा, प्रभू तुला पाठवतोय. ते खोटंही झालं नसतं. बोलावणं तर आलंच होतं. आवराम ढलप्यांत गुडघ्यांवर बसला. तितुही शेजारी बसला. आवरामनं डोळे मिटले, तोंड उघडलं, आणि त्याच्या तोंडून शब्द फुटेना. रोज ज्या जागी गुडघे टेकून तो या माणसाला घालवून द्यायला सांगत होता, त्याच जागी तो माणूस त्याच्या खांद्याला खांदा लावून बसला होता, आणि त्याच्या श्वासाला कांद्याचा वास येत होता.

आवराम डोळे उघडून मागं टेकला.

"तितु, मला नाही विचारता यायचं. मी आधीच मागून बसलोय."

"काय मागून बसलात?"

"तू जावंस म्हणून. रोज मागतोय. इथंच, या जागेवर."

तितुनं त्याच्याकडे वळून बघितलं. मग म्हणाला, "कधीपासून?"

"गुत्त्याची ती भानगड झाली, तेव्हापासून. मी तुझ्या काळजीनं गेलो नव्हतो रे तिथं. तू सापडावास म्हणून गेलो होतो."

आता हा उठेल, शिव्या देईल, मंडळीत जाऊन सांगेल, असं आवरामला वाटलं. तितुनं नुसती टोपी हातात फिरवली. "मग झालंच की," तो म्हणाला. "मग कशाला विचारायचं? तुम्ही माणूस मागितलात, मी आलो. तुम्ही जा म्हणालात, बोलावणं आलं. तुमचं तो ऐकतो, दादा. माझं आयुष्यात कुणी ऐकलं नाही, म्हणून मला फरक समजतो. जातो मी."

तो खरोखर उठला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. त्याचा विश्वास होता. आवराम घाबरला. आपली प्रार्थना ऐकली जावी असं त्याला जन्मभर वाटत आलं होतं, आणि ऐकली जाते म्हटल्यावर त्यानं घाईनं तितुची बाही धरली.

"बस खाली!" तो ओरडला. "बस म्हणतो ना! ती प्रार्थना नव्हती. तो हेवा होता. मला तुझा हेवा वाटतो. तू फुंकलास की लोक रडतात. तेच गीत मी वर्षानुवर्षं फुंकलं तर लोक घड्याळाकडे बघायचे. माझ्या बायकोला ते गीत कशाबद्दल आहे ते तुझ्यामुळं कळलं. हे सगळं मी देवापुढं नेऊन ओतलं, आणि वर आमेन म्हटलं."

"पण त्यानं ऐकलं ना?"

"तो सगळंच ऐकतो. गुत्त्यातल्या शिव्याही ऐकतो. म्हणून त्या पुऱ्या करतो का?"

तितुला अभावितपणे हसू आलं. मग तो पुन्हा पिंपावर बसला आणि म्हणाला, "आणि मला तुमचा हेवा वाटतो, त्याचं काय?"

"माझा? माझ्याकडे काय आहे?"

"रविवारी तुमची बायको तुम्हाला डबा आणते. वाजवून झालं की तुमच्या कॉलरची घडी नीट करते. ते दिसलं की मी दुसरीकडे बघतो." तो थांबला. "माझ्याकडेही होतं ते. मी पिऊन टाकलं."

बाहेर कोबीची गाडी आली, गाडीवान हाका मारू लागला. कुणी उठलं नाही. आवरामनं पुन्हा गुडघे टेकले आणि या वेळी शब्द अडखळत का होईना, आले.

"प्रभू, याला इथं ठेव. याच्या लेकीला, नातवाला भेटू दे, पण इथं ठेव. मला जे वाटतं ते वाटतंय, ते तुझ्यापासून काय लपवू? ते जाईल तेव्हा जाईल. पण ते माझं दुखणं आहे. माझ्या दुखण्याचं औषध म्हणून या माणसाला इथून उचलू नकोस. आणि तुझ्या मनात वेगळंच काही असेल, तर तुझ्या मनासारखं होऊ दे, माझ्या नको. मी आधी मागितलं त्यासाठी मला क्षमा कर."

मग तितुनं प्रार्थना केली. "प्रभू, मला यातलं फारसं कळत नाही. दादांचं शेवटचं ऐक, आधीचं सोडून दे. आमेन."

दोघं मिळून बाहेर गेले आणि गाडीवर पिंपं चढवू लागले.

काही दिवसांनी लेकीचा पुन्हा फोन आला. व्हिएन्नाच्या मंडळीला दुसरा ट्रम्पेटवाला मिळाला होता. तिथल्या पाळकांनी म्हणे कितीतरी महिने प्रार्थना केली होती, आणि अचानक क्लुज शहराहून आलेला एक तरुण दारात उभा राहिला. बाबा, तुम्ही नाताळनंतर नुसते भेटायला या, ती म्हणाली. तितु आनंदानं धावत सांगायला आला. आवरामलाही आनंद झाला. पण रात्री जेवताना तो ताटातलं नुसतं चिवडत बसला.

"आता काय झालं?" फ्लोआरेनं विचारलं. तिला त्यानं सगळं सांगून टाकलं होतं.

"काही नाही. म्हणजे तो राहिला, तो त्या पाळकाच्या प्रार्थनेमुळं. माझ्या नव्हे."

फ्लोआरेनं पळी खाली ठेवली. "देवा रे देवा! आता व्हिएन्नाच्या पाळकाचाही हेवा?"

"मी फक्त म्हणतोय."

"त्या एका तरुणामुळं तुम्हा दोघांचीही मागणी पुरी झाली, मग त्यात तुमचं काय कमी झालं? तुमचं नाव लिहून पाठवायला हवं होतं?"

पुढच्या तालमीला, कुणी न सांगता, आवरामनं आपली खुर्ची आणि कागद उचलून डाव्या बाजूला, दुसऱ्या ट्रम्पेटच्या जागी नेऊन ठेवले. खालचे सूर त्याला जमायचे. त्याचा कान तिथं कामाला आला. तितु कधी जोशात धावू लागला की आवराम खालून धरून ठेवायचा, आणि बँड एकत्र राहायचा. पाळकांच्या ते लक्षात आलं. बाकी कुणाच्या आलं नाही, आणि येत नाही म्हणून आवरामला अधूनमधून लागायचं. लागलं की तो कारखान्यात जाऊन सांगून यायचा : प्रभू, आज पुन्हा झालं.

हेवा गेला नाही. त्याला वाटलं होतं, इतकं कबूल केल्यावर तो मुळासकट जाईल. तसं झालं नाही. मधे महिना-महिना नाहीसा व्हायचा, आणि मग एखाद्या लग्नात कुणी "तितुचा जोडीदार तो" असं बोट दाखवलं, की तिथल्या तिथं उभा. पण पूर्वी त्याला हाकलायला आवराम वचनं म्हणायचा. आता तो त्याला नावानं ओळखायचा आणि देवापुढं घेऊन जायचा. शनिवारच्या सभेत तो आता बँडसाठी काही मागत नसे. उलट वेतुरियाआजीनं एकदा, "माझ्या गुडघ्यासाठी प्रार्थना करा हो, तुमची पोचते," म्हटलं, तेव्हा तो म्हणाला, "आजी, नीट विचार करून माग. तो खरंच देतो."

"मी गुडघा मागतेय," आजी म्हणाली, "दुसरा ढोलवाला नाही!"

पुढच्या वसंतात नदीवर पुन्हा बाप्तिस्मे झाले. पाणी अजून बर्फासारखं होतं, काठावर विलोची कोवळी पानं, आणि पलीकडच्या तीरावर गुत्त्यातलं निम्मं गाव मजा बघायला बसलेलं. पांढऱ्या झग्यातली पहिली मुलगी पाण्यातून वर आली, पाळकांनी हात उंचावला, आणि बँडनं गीत धरलं. तितु वरच्या सुराकडे गेला. थंडीनं ओठ बधिरले होते की काय, कोण जाणे, पण त्याचा ट्रम्पेट असा चिरकला, असा चिरकला, की पलीकडच्या तीरावरचं एक गाढव ओरडून उठलं. सगळे हसले. तितु लालबुंद झाला. आवरामनं खालचा सूर घट्ट धरून ठेवला, आणि दुसऱ्या ओळीला तितु पुन्हा जागेवर आला.

घरी येताना आवराम वाटभर शीळ घालत होता. फ्लोआरेनं आलुबुखार भरलेले बटाट्याच्या कणकेचे गोळे उकळत्या पाण्यात सोडले आणि त्याच्याकडे बघितलं.

"आज स्वारी खुशीत?"

"बाप्तिस्मे छान झाले."

"हं."

ती गोळे साखर आणि भाजलेल्या पावाच्या चुऱ्यात घोळवत राहिली. तो खुर्चीवर बसला, उठला, पुन्हा बसला.

"फ्लोआरे."

"बोला."

"तितुचा सूर चुकला ना, तेव्हा मला बरं वाटलं. अजून वाटतंय. सकाळपासून."

तिनं तोंडावर हात दाबला, पण हसू बाहेर आलंच. मग तोही हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. "काय करू गं मी?"

"ज्याला सांगायचं त्याला सांगा," ती म्हणाली, आणि दोघांनी मान खाली घातली. त्यानं नेहमीची जेवणाची प्रार्थना केली, तिच्यात तितुचं नाव घेतलं, आपल्या आजच्या आनंदाचंही नाव घेतलं, आणि माफी मागितली. ती लांबली.

"आमेन," फ्लोआरे मधेच म्हणाली. "झालं ना सांगून? आता जेवा. आणि संध्याकाळी यातले चार तितुला नेऊन द्या. त्याचं आज तोंड उतरलं होतं."

आवरामनं ताटलीतला सगळ्यात मोठा गोळा बघितला, क्षणभर थांबला, आणि तो तितुसाठी बाजूला काढून ठेवला. मग विचार बदलून तो परत आपल्याकडे घेतला, तितुसाठी दुसऱ्या नंबरचा काढला, आणि जेवायला लागला.